शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुलं कुणाकडे?

मागच्या अंकात कौटुंबिक न्यायालयातल्या मध्यस्थीबद्दल मी थोडंसं लिहिलं आणि त्यावर बरीच पत्रं आली. घटस्फोट मिळेल का, किती दिवस लागतील, असं विचारणारी त्यात थोडीच. बाकी सगळ्यांना काळजी आहे ती मुलांची. म्हणून या वेळचं पूर्ण सदर त्या पत्रांसाठी ठेवलं आहे. पत्रं थोडी कापली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी आधी वकिली केली, आता पुण्यात मध्यस्थ म्हणून काम करते. उत्तरं त्या कामातून आलेली आहेत. तुमच्या प्रकरणातले कागद पाहिल्याशिवाय तुमच्या वकिलांचा सल्ला मी खोडून काढणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

ताई, सप्रेम नमस्कार. लग्नाला अकरा वर्षं झाली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. भांडणं आता होत नाहीत, बोलणंच बंद आहे. घर एकच, पण खोल्या वेगळ्या. दोघांनी मिळून वेगळं व्हायचं ठरवलंय. वकिलांनी परस्परसंमतीचा अर्ज तयार केलाय. त्यात मुलांबद्दल एकच ओळ आहे: ‘मुलांचा ताबा आईकडे राहील व वडिलांना भेटण्याचा हक्क राहील.’ हे म्हणतात, सही करण्याआधी मध्यस्थाकडे बसू. मला भीती वाटते की तिथे समजूत घालून मला परत संसाराला लावतील, नाहीतर हे मुलंच मागतील. तिथे नेमकं होतं तरी काय?
— एक आई, सिंहगड रस्ता, पुणे

ताई, तुमच्या यजमानांचं हे म्हणणं ऐका. सही करण्याआधी बसणं फार शहाणपणाचं आहे.

आधी तुमची भीती. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात कलम ९ आहे. त्यानुसार न्यायालयानं सुरुवातीला समेटाचा प्रयत्न करायचाच असतो. त्यामुळे विवाह समुपदेशक तुम्हाला एकदा तरी विचारतीलच, की पुन्हा एकत्र राहण्यासारखं काही उरलंय का. उरलं नसेल तर तसं सांगा. ‘नाही’ म्हटल्याबद्दल तुम्हाला कुणी धाक दाखवू शकत नाही. समुपदेशक हे न्यायालयातलेच असतात. मध्यस्थ त्यांच्याहून वेगळा: बहुतेक वेळा ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेला वकील किंवा निवृत्त न्यायाधीश. न्यायालयानं पाठवलेल्या मध्यस्थीसाठी तुम्हाला फी भरावी लागत नाही.

बैठकीत पहिल्यांदा मी दोघांना एकत्र बसवते आणि नियम सांगते. एकानं बोलताना दुसऱ्यानं तोडायचं नाही. मोबाइल बंद, रेकॉर्डिंग नाही. मग दोघांना वेगवेगळं भेटते. त्या वेळी तुम्ही मला जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय त्यांच्या कानावर जात नाही. वकील सोबत असले तरी चालतात, पण मुलांबद्दल बोलताना मी आईबापांनाच बोलायला लावते, कारण दूध किती वाजता आणि व्हॅन किती वाजता हे वकिलांना माहीत नसतं. मी निकाल देत नाही. मुलं कुणाकडे राहतील हे मी सांगत नाही. ठरलं तर तुम्ही दोघांनी ठरवलेलं कागदावर उतरतं, तुमच्या आणि वकिलांच्या सह्या होतात आणि तो कागद न्यायाधीशांसमोर जातो. नाही ठरलं, तर मी एवढंच कळवते की समझोता झाला नाही. कोण अडून बसलं, कोण काय कबूल करून मागे फिरलं, यातलं अक्षरही माझ्या अहवालात नसतं. मध्यस्थीतली गोष्ट गुप्त राहिली पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयानं मोती राम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात स्पष्ट करून ठेवलंय. म्हणून तिथे मोकळेपणानं बोला. पुढे कोर्टात तुमचंच बोलणं तुमच्यावर उलटणार नाही.

आता त्या एका ओळीकडे येते, कारण माझा खरा जीव तिथे अडकलाय. ‘वडिलांना भेटण्याचा हक्क राहील.’ कधी? कुठे? किती वेळ? आणायला कोण जाणार, सोडायला कोण येणार? घटस्फोटाचा हुकूम हातात पडल्यावर वर्षभरात परत अर्ज घेऊन येणारी जोडपी मी पाहते, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या कागदात अशीच एक गुळगुळीत ओळ असते. त्या दिवशी सगळ्यांना घाई असते, मनं थकलेली असतात, आणि वाटतं की पुढचं पुढे बघू. ते पुढचं मग मुलांच्या समोर, बिल्डिंगच्या गेटवर बघितलं जातं.

तुमच्या मुलांसाठी मी काय सुचवीन ते सांगते. बदल तुम्ही दोघं करा.

शाळेचे दिवस मुलं तुमच्याकडे असतील असं धरू. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला शुक्रवारी शाळा सुटल्यापासून सोमवारी सकाळी शाळेत सोडेपर्यंत वडिलांकडे राहणं जमेल. देणंघेणं शाळेच्या दारात झालं की तुमची दोघांची गाठ पडायची गरजच उरत नाही आणि मुलीला कुणाच्या तरी घरातून उठून जावं लागत नाही; ती शाळेत जाते आणि शाळेतून येते, रोजच्यासारखी. मुलगा चारच वर्षांचा आहे. त्याला महिन्यातून दोनदा तीन-तीन दिवसांपेक्षा आठवड्यातून दोन-तीन वेळा दोन-दोन तास भेट जास्त पचेल. त्या वयात दहा दिवस म्हणजे फार मोठा काळ असतो. बुधवारी संध्याकाळी बाबांनी त्याला बागेत न्यावं, जेवू घालून आठच्या आत आणावं. रात्रीचा मुक्काम हळूहळू, आधी एक रात्र, आणि तीही मोठी बहीण सोबत असताना. भावंडांना वाटून घेऊ नका. एक मूल तुझं, एक माझं, असा तोडगा नातेवाईक फार सहज सुचवतात. मला तो ऐकवतही नाही.

‘एक आड एक शुक्रवार’ असं लिहू नका. ‘महिन्यातला पहिला आणि तिसरा शुक्रवार’ असं लिहा, आणि ज्या महिन्यात पाचवा शुक्रवार येतो त्या महिन्यात तो कुणाचा, हेही लिहा. हसण्यावारी नेऊ नका. पाचव्या शुक्रवारावरून पोलीस ठाण्यापर्यंत गेलेली माणसं माझ्यासमोर बसलेली आहेत.

सणांच्या बाबतीत तारीख लिहायची नाही, सणाचं नाव लिहायचं. आपले सण तिथीनं येतात. गणपती त्यांच्या गावी बसत असेल तर चतुर्थीला मुलं तिकडे आणि गौरी-जेवणाला तुमच्याकडे, किंवा एक वर्ष इकडे एक वर्ष तिकडे. लक्ष्मीपूजन आणि पाडवा एकाकडे, भाऊबीज दुसऱ्याकडे, आणि दर वर्षी अदलाबदल. वाढदिवशी ज्याची पाळी नाही त्याला निदान दोन तास मिळावेत. मे महिन्याच्या सुट्टीचे सरळ दोन भाग करता येतात, पण तुमच्या मुलासाठी पहिल्या वर्षी चार-पाच दिवसांचेच तुकडे करा. सुट्टीत कुठे बाहेरगावी नेणार असाल तर राहण्याचा पत्ता आणि येण्या-जाण्याच्या तारखा आठवडाभर आधी कळवायच्या, हेही कागदात आलं पाहिजे.

मग आजारपण. ताप आला म्हणून भेट रद्द होणार का? माझं मत आहे, होऊ नये. बापालाही पट्टी ठेवता येते. औषधाची चिठ्ठी आणि डोस पिशवीत जातील, डॉक्टर तेच राहतील. दवाखान्यात दाखल करायची वेळ आली तर दुसऱ्याला ताबडतोब फोन. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोघंही असतील, पालकसभेला आणि गॅदरिंगला दोघंही जाऊ शकतील. मुलांच्या आधारला कुणाचा मोबाइल जोडलाय हे आत्ताच बघा; ओटीपी एकाच्या फोनवर आणि फॉर्म दुसऱ्याच्या हातात, यावरून केवढी चिडचिड होते. पासपोर्ट कुणाकडे राहील आणि नवा काढायचा झाला तर संमतीची सही किती दिवसांत द्यायची, हे लिहून ठेवा.

पैशाचं मोघम ठेवू नका. शाळेची फी, व्हॅन, गणवेश, क्लास, चष्मा, दात, प्रत्येकाचं कोण आणि किती, महिन्याच्या कोणत्या तारखेला, बँकेतून. दर जूनमध्ये रक्कम किती वाढेल तेही. पोटगीच्या वादात दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं, तसं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात घालून दिलंय. परस्परसंमतीनं जातानाही ते आकडे एकमेकांना दाखवा. लपवलेला आकडा पुढे बाहेर येतो आणि मग मुलांच्या भेटीवर राग निघतो.

एक कायद्याची गोष्ट, कारण तुम्ही अजून एका घरात आहात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पतिपत्नी म्हणून राहत नसाल तर एका छपराखाली असूनही ते वेगळं राहणं धरलं जाऊ शकतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबण्याची अट न्यायालय काही प्रकरणांत माफ करू शकतं, २०१७ च्या अमरदीप सिंग प्रकरणापासून. पण त्यात बघितलं जातं की पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं दोघांनी खरोखर मिटवलंय का. म्हणजे मुलांचा कागद नीट केलात तर पुढची वाटही सोपी होते.

आणि हे सगळं दगडावरची रेघ नाही. मुलं वाढतात, शाळा बदलतात, कुणाची बदली होते. त्याच कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबद्दलचे हुकूम पुढे बदलून घेता येतात. म्हणून कागदाच्या शेवटी लिहा: दर वर्षी मे महिन्यात दोघं बसून वेळापत्रक बघू, पटलं नाही तर कोर्टाआधी मध्यस्थाकडे जाऊ. मसुदा घरी न्या, दोन रात्री तुमच्याजवळ राहू द्या, मराठीत वाचून घ्या, मगच सही करा.

मॅडम, मी ठाण्यात राहतो. मुलगा सहा वर्षांचा, आईबरोबर कल्याणला. कोर्टानं दर रविवारी भेट दिली आहे. गेले काही रविवार ती काही ना काही कारण सांगते: क्लास आहे, पाहुणे आलेत, त्याला यायचं नाही. मी पण पैसे पाठवणं थांबवलंय. भेट नाही तर पैसे नाहीत. माझं चुकतंय का?
— एक बाप

हो, चुकतंय. उद्या बँक उघडली की थांबवलेली रक्कम भरा.

पैसे त्याच्या दुधाचे, वह्यांचे आहेत. भेट ही त्याची गरज आहे तशी फीसुद्धा त्याचीच गरज आहे. एक अडली म्हणून दुसरी अडवली तर मार दोन्हीकडून त्यालाच बसतो. कायद्यातही या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. तुम्ही थकबाकीदार म्हणून न्यायाधीशांसमोर उभे राहिलात तर तुमच्या भेटीच्या तक्रारीचं वजन निम्मं होतं.

तिचंही चुकतंय. हुकूम असताना भेट टाळणं ही साधी बाब नाही. प्रत्येक चुकलेल्या रविवारची तारीख, वेळ, आलेला मेसेज नोंदवून ठेवा. मेसेजमध्ये भांडू नका, दोनच वाक्यं: ‘मी अकराला आलो होतो. पुढच्या रविवारी अकराला येतो.’ वकिलांमार्फत हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज द्या आणि चुकलेल्या भेटींच्या बदल्यात सुट्टीत दिवस मागा. सोबतच पुन्हा मध्यस्थीची विनंती करा. रविवारचा क्लास खरोखर असेल तर शनिवार संध्याकाळ चालेल का, हा प्रश्न कुणीतरी शांतपणे विचारायला हवा आणि सध्या तुम्ही दोघं तो एकमेकांना विचारू शकत नाही.

‘त्याला यायचं नाही’ हे मात्र सोडून देऊ नका. सहा वर्षांचं मूल असं म्हणतं तेव्हा अनेकदा त्याला निघण्याच्या क्षणी आईच्या चेहऱ्याकडे बघवत नसतं. किंवा तुमच्याकडे आल्यावर त्याला करमत नसतं. मॉलमध्ये नेऊन खेळणी घेऊन देण्यापेक्षा घरी न्या. पोळी लाटायला बसवा, त्याची एक उशी, एक टूथब्रश तुमच्या घरी कायमचा असू द्या. आणि ‘आई काय म्हणते माझ्याबद्दल?’ हे कधीही विचारू नका.

चि. ताईस अनेक आशीर्वाद. माझा मुलगा आणि सून वेगळे राहतात. नात सात वर्षांची, सूनबाईंच्या माहेरी कोल्हापूरला. मी आणि हे साताऱ्याला. मुलगा नोकरीमुळे बंगळूरला, त्याला महिन्यातून एकदा जमतं. आम्ही नातीला आठ महिने पाहिलेलं नाही. तिला मीच वाढवलं, सून नोकरीला जायची. आम्हा म्हाताऱ्यांना काही हक्क आहे का हो?
— एक आजी, सातारा

आजी, नमस्कार करते.

आजी-आजोबांच्या भेटीसाठी कायद्यात वेगळं कलम नाही. पण १८९० चा पालक व पाल्य कायदा असो की १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, शेवटचा निकष मुलाचं हित हाच आहे, आणि ज्या आजीनं सात वर्षांतली पहिली पाच वर्षं हातावर वाढवलं तिची भेट मुलीच्या हिताची आहे हे न्यायाधीशांना पटवून द्यावं लागत नाही. तरी मी तुम्हाला कोर्टाचा रस्ता पहिल्यांदा सुचवणार नाही. सूनबाईंना नोटीस गेली की त्यांच्या मनात तुम्ही ‘तिकडच्या’ होऊन बसाल आणि मग आठ महिन्यांचे अठरा होतील.

जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. दावा दाखल न करताही तिथे मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो आणि ती मोफत असते. वैवाहिक वाद कोर्टात पोचण्याआधीच मिटवण्यासाठी अशी सोय असावी यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये के. श्रीनिवास राव प्रकरणात जोर दिला होता. कोल्हापूरच्या कार्यालयात अर्ज करा, म्हणजे सूनबाईंना साताऱ्याला यावं लागणार नाही. ही गोष्ट त्यांना नक्की जाणवेल. माहितीसाठी १५१०० हा फोन क्रमांक आहे.

त्याआधी सूनबाईंना एक पत्र लिहा. स्वतःच्या हातानं. त्यात मुलाची बाजू मांडू नका, कोण चुकलं ते काढू नका. एवढंच लिहा की मला नातीला भेटायचं आहे, मी कोल्हापूरला येईन, तुझ्या सोयीच्या दिवशी, तू म्हणशील तिथे, तुझी आई सोबत बसली तरी चालेल. जाताना दागिना, महागडा फ्रॉक असलं काही नेऊ नका. तिला आवडायचं ते डिंकाचे लाडू न्या किंवा जे काय असेल ते. आणि नातीला ‘बाबांना आठवण येते हं तुझी’ असा निरोप देऊ नका. तिच्या बाबांनी आठवण स्वतः फोन करून सांगावी, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी. मुलाला एवढं मात्र तुम्ही आई म्हणून ठणकावून सांगा, की महिन्यातून एकदा हे कमी आहे.

ताई, नवरा मारायचा. मी मुलीला घेऊन भावाकडे आले. आता तो म्हणतो मध्यस्थी करू, कोर्टानंही तारीख दिलीये. त्याच्यासमोर बसले की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. मला जावंच लागेल का? — नांदेडहून

न्यायालयानं तारीख दिली आहे, तर हजर राहा किंवा वकिलांमार्फत कळवा. पण त्याच्यासमोर बसणं तुमच्यावर बंधनकारक नाही आणि समझोता करणं तर मुळीच नाही.

तारखेच्या आधी मध्यस्थांपर्यंत एक गोष्ट पोचवा: मारहाण झाली आहे आणि मला वेगळ्या खोलीत बसायचं आहे. जे पोचवताना लाज वाटेल ते वकिलांना किंवा भावाला पोचवायला सांगा. चांगला मध्यस्थ तुम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या वेळी बोलावतो, आणि जिथे एक बाजू भीतीनं मान हलवते आहे असं दिसतं तिथे तो मध्यस्थी थांबवतो. मी थांबवते. भीतीनं झालेल्या सहीला मी समझोता मानत नाही. तुमचे मध्यस्थ तसं करत नसतील तर तुम्ही स्वतः उठून सांगू शकता, मला पुढे चालवायचं नाही.

तुम्ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला आहे का, हे पत्रात नाही. केला नसेल तर संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. त्या कायद्याच्या कलम १८ खाली संरक्षणाचा हुकूम मिळतो, कलम २१ खाली मुलीचा तात्पुरता ताबा. त्याच कलमात असंही आहे की वडिलांची भेट मुलीला अपायकारक ठरेल असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं तर ती नाकारायची. भेट द्यावीच लागली तर ती न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, दुसरं माणूस हजर असताना मागा. भावाच्या घरी नाही. बाईला आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा, आणि अंगावर धावून येण्याची वेळ आली तर ११२.

मी न्यू जर्सीत, मुलगी (वय दहा) पुण्यात तिच्या आईजवळ. आमचं समझोत्याचं बोलणं चालू आहे. रोज व्हिडिओ कॉल मागावा का? दोघींनाही तो जाच वाटेल अशी भीती वाटते.

रोज पाच-दहा मिनिटं मागा. यशिता साहू प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लांब राहणाऱ्या पालकाला मुलाशी रोज थोडा वेळ व्हिडिओ कॉलवर बोलता यावं असंच म्हटलंय. वेळ भारताच्या घड्याळानं लिहा. तुमच्याकडचं घड्याळ मार्च आणि नोव्हेंबरमध्ये सरकतं, तिच्या शाळेचं सरकत नाही. पुण्यात संध्याकाळचे साडेसात म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि थंडीत नऊ. ऑफिसमध्ये असाल तर ती दहा मिनिटं तुम्हीच काढा, तिच्या झोपेतून काढू नका.

जाच वाटू नये म्हणून काहीतरी सोबत करा. तिचं गणित बघा, एकच पुस्तक दोघांनी पान-पान वाचा. कॉल स्पीकरवर असावा की नाही, कुणी रेकॉर्ड करायचा नाही, परीक्षेच्या आठवड्यात वेळ कमी होईल, हे कागदात घ्या. भारतात याल त्या महिन्याचं वेगळं वेळापत्रक जोडा. मुलीला अमेरिकेला नेण्याचा विषय असेल तर दोघांच्याही वकिलांसमोर स्पष्ट लिहून घ्या, जाण्याची आणि परतीची तारीख दोन्ही. मुलं एका देशातून दुसऱ्या देशात नेऊन ठेवण्याबद्दलचा १९८० चा हेग करार भारतानं स्वीकारलेला नाही. त्यामुळे इथून तिथे किंवा तिथून इथे मूल अडकलं तर सोडवणं फार अवघड जातं, आणि ती भीती आज तिच्या आईलाही वाटत असणार.

ताई, मी तेरा वर्षांचा आहे. आत्याकडे हे मासिक येतं म्हणून मी वाचलं. आईबाबा वेगळे झालेत. कोर्टात मला विचारणार आहेत कोणाकडे राहायचं. आई म्हणते तुझ्या मनात असेल ते सांग पण रडते. बाबा म्हणतात तू माझ्याकडे आलास तर नवीन सायकल. मला दोघंही पाहिजेत. मी काय सांगू?

तू पत्र लिहिलंस, फार छान केलंस.

तू जे मला लिहिलंस तेच तिथे सांगायचं: मला दोघंही पाहिजेत. ते अगदी पुरेसं उत्तर आहे. कायदा असं म्हणतो की मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याची इच्छा न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. विचारात घेणं म्हणजे निकाल तू देणं नव्हे. तो न्यायाधीशांनी द्यायचा किंवा आईबाबांनी मिळून ठरवायचं. ते काम मोठ्यांचं आहे, तुझं नाही. तू काहीही बोललास तरी त्यामुळे आई हरली किंवा बाबा हरले असं होत नाही.

न्यायाधीश सहसा तुला त्यांच्या खोलीत बोलावतात, आईबाबा आत नसतात. तिथे काळा कोट बघून घाबरू नकोस. ते विचारतील शाळेचं, मित्रांचं, जेवणखाण्याचं. तुला खरोखर ठाऊक असलेल्या गोष्टी सांग. शाळा बदलायची नाहीये का? संध्याकाळी ज्या मैदानावर खेळतोस ते कुणाच्या घराजवळ आहे? गणित कोण घेतं? रात्री कुठे नीट झोप लागते, कुठे लागत नाही? कुणी ओरडतं, हात उगारतं का? सायकलचं आणि आईच्या रडण्याचंही सांगितलंस तरी चालेल, ती चहाडी होत नाही. आणि एखाद्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसेल तर ‘मला हे सांगायचं नाहीये’ असं म्हण. न्यायाधीशांना त्याचा राग येत नाही.

आईबाबांनाही मी इथेच सांगते, कारण हे पान त्यांच्यापर्यंत पोचेल अशी मला आशा आहे. त्याच्यासमोर रडू नका, सायकल आज घेऊन द्या आणि कुठलीही अट न घालता द्या. सुनावणीआधी दोघं एकदा मध्यस्थासमोर बसा. तुमचा मुलगा कुणाला निवडायला तयार नाही, त्यामुळे शाळेचे दिवस, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वाटून घेण्यापलीकडे तुमच्याकडे भांडायला फारसं उरलेलंच नाही.

आणि तू, हे पान आत्याला दाखव. तिला म्हण, मला न्यायाधीशांशी एकट्यानं बोलायचंय आणि त्याआधी समुपदेशक ताईंना एकदा भेटायचंय, हे वकिलांना कळव. मन फारच जड झालं आणि घरात कुणाशी बोलावंसं वाटलं नाही तर १०९८ ला फोन कर, तो मुलांसाठीच आहे, पैसे पडत नाहीत. काय झालं ते मला पुन्हा लिही. तुझं पत्र मी छापणार नाही, फक्त वाचीन आणि उत्तर आत्याच्या पत्त्यावर पाठवीन.